घशातला बर्फ

माझं आणि माझ्या नवऱ्याचं सगळ्यात चांगलं जमायचं ते इंजिन चालू असताना. घरी आम्ही भाजीत मीठ कमी पडलं यावरूनही तास तास वाद घालायचो. पण इंजिनाची चाचणी घ्यायची असली की मी विमानात डाव्या सीटवर बसायची, पाय ब्रेकवर आणि हात वेग कमीजास्त करायच्या थ्रॉटलवर, आणि तो बाहेर पंखाच्या टोकापाशी उभा राहायचा, कानांवर आवाज अडवणारे ते मोठे गोळे चढवून. त्या आवाजात तोंड उघडण्यात अर्थ नसतो. सगळा कारभार हाताच्या खुणांवर. बोटं मिटली की वेग कमी कर, उघडली की वाढव. अंगठा वर गेला की ठीक आहे. तळहात समोर धरला की थांब, कशाला हात लावू नकोस, वाट बघ. आणि हात गळ्यावरून आडवा फिरला की बंद कर, आत्ताच्या आत्ता. या खुणांवर आमच्यात कधी भांडण झालं नाही.

आम्ही छोट्या विमानांची इंजिनं दुरुस्त करतो. गावाबाहेर एक लहानशी धावपट्टी आहे, तिच्या कडेला आमचं पत्र्याचं हँगर. मागच्या बाजूला सुट्या भागांची खोली आहे, तिथे एरवी मी बसते. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात. त्याच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या भावजींना, विमानाचं वेड दादाच्याच हँगरमध्ये लागलं. फरक इतकाच की दादा विमानाच्या पोटात डोकं घालून बसला आणि हा वर आकाशात गेला. भावजी शाळेत गणित शिकवायचे. उडवण्याचं लायसन्स त्यांनी हौसेनं काढलं आणि सुट्टीच्या दिवशी क्लबाचं विमान घेऊन बायकोला फिरवून आणायचे.

त्यांची बायको म्हणजे धाकटी. सासूबाई तिला धाकटी म्हणायच्या म्हणून आम्हीही. ती हँगरमध्ये आली की तेलाचा रिकामा डबा उलटा करून त्यावर बसायची, बिस्किटांचा पुडा फोडायची आणि प्रश्न विचारून मिस्त्रीचं डोकं खायची. हा माणूस माझ्या दोन प्रश्नांना एक उत्तर देतो, पण तिला सगळं समजावून सांगायचा. मला त्याचा थोडा रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

अशाच एका कुंद, ओलसर सकाळी एक विमान तक्रार घेऊन आलं होतं. खाली उतरताना इंजिन अडखळतं, मालक म्हणत होता, आणि जमिनीवर आलं की ठणठणीत. मिस्त्रीनं काही न उघडताच ओळखलं. धाकटीला त्यानं सांगितलं ते असं. कार्ब्युरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळतं, त्याच्या घशात पेट्रोलची वाफ होते, तेव्हा तिथली हवा एकदम गार पडते. हवेत ओल असली तर त्या घशात बर्फ धरतो. बाहेर आपल्याला घाम फुटलेला असतो आणि आत बर्फ, लोकांना हे पटतच नाही. वेग कमी करून खाली उतरताना तर हमखास. घसा चोंदत जातो, इंजिनाला हवा पुरत नाही. आणि उतरून उघडून बघावं तर बर्फ वितळलेला, सगळं जागच्या जागी. चोर पकडायला जावं तर चोराचं पाणी झालेलं, हा त्याचा आवडता विनोद होता. म्हणून समोर एक नॉब असतो. तो ओढला की आतली एक झडप फिरते आणि एक्झॉस्टच्या भोवतीची गरम हवा घशात जाते.

"म्हणजे सर्दी झाली की वाफ घेतो तसं," धाकटी म्हणाली. मिस्त्री खूश झाला. मग तिला विमानात माझ्या शेजारी बसायचंच होतं.

मी इंजिन चालू केलं आणि वेग कमी ठेवून बसले. हवा अशी होती की थोड्याच वेळात इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा हळूहळू खाली यायला लागला. मी धाकटीला म्हटलं, ओढ. तिनं नॉब ओढला आणि इंजिनाला ठसका लागला. अख्खं विमान थरथरायला लागलं, काटा होता त्याहून खाली पडला. ती किंचाळली आणि नॉब परत आत ढकलायला गेली. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि दाबून धरला. बाहेर मिस्त्री तळहात समोर धरून उभा होता. वितळलेल्या बर्फाचं पाणी इंजिन गिळत होतं, म्हणून तो ठसका. पाणी संपलं, घसा मोकळा झाला आणि काटा झपकन वर गेला. धाकटी इतकी हसली की तिला उचकी लागली. खाली उतरल्यावर म्हणाली, वाफ घेतली की आधी खोकला वाढतोच की, माझी आई सांगायची. त्यानंतर कुणी हँगरमध्ये शिंकलं तरी ती म्हणायची, ओढा नॉब.

भावजी त्या दिवशी शाळेत होते.

त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेला पाठ केलंच असणार. पण त्यांनी नॉब ओढलेला तो उड्डाणाआधीच्या तपासणीत, कोरड्या हवेत. तिथे काटा एवढासा खाली येतो आणि तेवढाच राहतो, झालं. ठसका कसा असतो हे त्यांनी कधी अंगावर घेतलं नव्हतं.

मग तो दिवस आला. तसंच भरून आलेलं, तशीच ओल. दुपारी दोघं परत येत होती. धावपट्टी समोर दिसत असताना इंजिन बंद पडलं आणि विमान अलीकडच्या रस्त्याच्या भरावावर आपटलं. भावजींचा पाय आणि बरगड्या मोडल्या. धाकटी जागीच गेली. आम्ही दोघं धावत पोचलो तेव्हा प्रोपेलर वाकून मातीत रुतला होता. तिच्या अंगावर फारशी जखमही दिसत नव्हती. मी तिला हाका मारत राहिले, कुणीतरी मला बाजूला ओढेपर्यंत.

चौकशीवाले आले. विमानाचं नाक चेपलं होतं, त्यात गरम हवेचा डबा आणि झडप यांचा चुराडा झाला होता. बाकी इंजिन त्यांनी उघडून पाहिलं, कुठेही दोष नाही. कारण ठरवता येत नाही, असं सांगून ते निघून गेले. भावजींनी हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांना एवढंच सांगितलं होतं की नॉब ओढला होता, उपयोग झाला नाही. लोकांना तेवढं पुरलं. ती झडप महिन्यापूर्वी मिस्त्रीनंच बसवली होती. एकेक मालक आपलं विमान घेऊन गेला. कुणी उलटसुलट बोललं नाही, उलट फार गोड बोलले. जरा दुसरीकडे दाखवून घेतो म्हणाले. हँगर रिकामं झालं. उरलं एक जुनं विमान, ज्याचा मालक परदेशी होता आणि ज्याला हे कळलंच नव्हतं.

सासूबाई भावजींची शुश्रूषा करायला त्यांच्याकडे राहायला गेल्या. आम्ही भेटायला गेलो की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि नळ सोडून भांडी घासायच्या. घासलेलीच भांडी. मोठा मुलगा घरात आहे तोवर नळ बंद व्हायचा नाही. मिस्त्री तो आवाज ऐकत भावाच्या खाटेशी बसून राहायचा. मला तो नळ उपटून फेकावासा वाटायचा.

एकदा असेच बसलो असताना भावजी आपणहून बोलायला लागले. इंजिन अडखळायला लागलं तेव्हाच मी नॉब ओढला, म्हणाले. पण ओढल्यावर ते सुधारायच्या ऐवजी बिघडलं. ठसके द्यायला लागलं, विमान हादरलं. म्हणून मी नॉब परत आत ढकलला. मग ते बंदच पडलं. "दादा, तुझी झडप बिघडलेली होती," असं ते म्हणाले. रागानं नाही, दमलेल्या आवाजात म्हणाले.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. झडप बिघडलेली असती तर ठसका लागलाच नसता. ठसका लागला म्हणजे गरम हवा आत पोचली होती, बर्फ वितळत होता, सगळं जसं व्हायला हवं तसंच होत होतं. आणखी थोडा वेळ हात तिथेच ठेवला असता तर घसा मोकळा झाला असता.

"असेल," मिस्त्री म्हणाला.

रस्त्यावर आल्यावर मी त्याला धरलं. आत्ता वर जा आणि सांग, म्हटलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी आवाज चढवला, येणारे जाणारे बघायला लागले. कोणाची चूक आणि कोण निस्तरतंय, तुझी आई तुझं तोंड बघत नाही, हँगरमध्ये पाखरं घरटी करतायत, असं मी बरंच काही बोलले. तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला.

"काय सांगू त्याला?" तो म्हणाला. "आणखी जरासा थांबला असतास तर ती आज स्वयंपाकघरात असती, हे सांगू? तो जगेल का हे ऐकून?"

"आणि तुझं काय?"

"माझं नाव गेलं. त्याचं सगळंच गेलंय."

मी घरापर्यंत त्याच्या दोन पावलं पुढे चालत गेले. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं, पण मला नुसता संताप येत होता. मोठेपणा त्यानं परस्पर घेऊन टाकला होता आणि त्यात माझाही वाटा कापून दिला होता, मला न विचारता.

पुढच्या भेटीत त्यानं कहर केला. भावाला म्हणाला, तू म्हणालास ते खरं, झडपेची पिन झिजली असणार, माझ्या नजरेतून सुटली. मी तक्रार करणार नाही, भावजी म्हणाले, पण ही गोष्ट आणखी कुणाच्या बाबतीत होता कामा नये. मग म्हणाले, "दादा, मला एकदा चांगला असलेला नॉब ओढून बघायचाय. कसा लागतो हाताला, ते." मिस्त्री बरं म्हणाला. पाय बरा झाला की ये, मी बोलावतो. मला माहीत होतं, तो कोरडा खणखणीत दिवस बघून बोलावणार होता.

पण भावजी बोलावण्याची वाट न बघता आले. काठी टेकत, धावपट्टीच्या कडेकडेनं. सकाळपासून धुकं होतं आणि पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. ते एकुलतं एक उरलेलं विमान आम्ही बाहेर काढलं होतं. खूप दिवस उभं असलं की इंजिनाला आतून गंज धरतो, म्हणून ते फिरवायचं होतं. मी सीटवर बसलेही होते. मिस्त्रीनं भावाला टाळायचा प्रयत्न केला. आज हवा बरी नाही, म्हणाला. जमिनीवरच तर आहे दादा, भावजी म्हणाले. मिस्त्री आणखी काही कारण शोधत होता.

"बसू दे त्यांना," मी म्हटलं.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी समोर बघत राहिले. भावजी कष्टानं चढून माझ्या शेजारी बसले, काठी पायांमध्ये धरली. विमानात पुन्हा बसताना त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मिस्त्री पंखाच्या टोकाशी जाऊन उभा राहिला आणि इंजिन चालू झाल्याबरोबर त्यानं वेग वाढवायची खूण केली. त्याचा डाव मला कळला. वेगात फिरवायचं, इंजिन गरम करायचं, पटकन एकदा नॉब ओढून दाखवायचा आणि बंद करायचं. बर्फ धरायला सवडच द्यायची नाही.

मी वेग कमी केला.

त्यानं पुन्हा खूण केली. मी थ्रॉटल मागे ओढून तसाच धरला आणि समोरच्या काट्याकडे बघत बसले. लग्न झाल्यापासून त्याची खूण मोडायची ही माझी पहिली वेळ. मला सासूबाईंचा तो नळ ऐकू येत होता. मला माझ्या नवऱ्याचं नाव परत हवं होतं आणि ते माझ्या हाताच्या अंतरावर होतं.

काटा खाली यायला लागला. "हे असंच," भावजी म्हणाले, "अगदी असंच झालं होतं." इंजिन अडखळायला लागलं. ओढा, मी म्हटलं. त्यांनी नॉब ओढला.

ठसका लागला. विमान हादरायला लागलं, काचा थरथरल्या, काटा आणखी खाली पडला. भावजींच्या चेहऱ्यावर एक विचित्र समाधान आलं. "बघ वहिनी, हीसुद्धा बिघडलेली आहे," ते ओरडले आणि नॉब आत ढकलायला लागले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि सगळा जोर लावून दाबून धरला. बाहेर नजर गेली. मिस्त्री गळ्यावरून हात फिरवत होता. पुन्हा पुन्हा फिरवत होता. बंद कर, बंद कर. एवढ्या लांबूनही त्याचं तोंड उघडं दिसत होतं, तो ओरडत होता आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मी बंद केलं नाही.

मग घसा मोकळा झाला. काटा वर गेला, हादरे थांबले, इंजिन एका सुरात फिरायला लागलं. जणू काही झालंच नव्हतं.

भावजी काट्याकडे बघत राहिले. गणिताचे मास्तर ते, त्यांना उत्तर समजावून सांगायची गरज नव्हती. "एवढाच वेळ?" असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी खाली बघितलं. माझा हात अजून त्यांच्या हातावरच होता.

"तिनंही असाच हात धरला होता," ते म्हणाले. "मला वाटलं घाबरली. मी झटकला."

मी हात काढून घेतला. हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मी तेव्हापासून शोधतेय. तो हात मी शिकवलेला होता. धाकटीनं तो लक्षात ठेवला होता आणि वेळेवर पुढे केला होता.

"दादाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. मी होय म्हणून मान हलवली. त्यांनीच हात पुढे करून इंजिन बंद केलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी आईला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई हँगरवर आल्या आणि मिस्त्रीच्या तेलकट डोक्यावरून हात फिरवत रडल्या. भावजी एकेका मालकाकडे काठी टेकत गेले आणि चूक माझी होती असं सांगून आले. महिन्याभरात हँगर पुन्हा भरलं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. नवरा मला एका शब्दानंही बोलला नाही. त्यानं आरडाओरडा केला असता तर मला झोप तरी लागली असती. आता घरी मीठ कमी पडलं तरी तो मुकाट्यानं जेवतो.

भावजींनी शाळा सोडली. हवा ओलसर असली की ते हँगरवर येतात. बोलवावं लागत नाही. येऊन डाव्या सीटवर बसतात, माझ्या जागेवर. मिस्त्री कानांवर गोळे चढवून पंखाच्या टोकाशी जाऊन उभा राहतो. मी सुट्या भागांच्या खोलीत बसून ऐकते. इंजिन अडखळतं, ठसका लागतो, पत्रे थरथरतात आणि मग आवाज मोकळा होतो. तिथे सगळं संपायला हवं. पण ते संपत नाही.

आज मी दारापर्यंत गेले. इंजिन केव्हाच मोकळं झालेलं होतं. भावजींचा हात तसाच नॉबवर होता, आणि बाहेर माझा नवरा तळहात समोर धरून उभा होता. दोघं एकमेकांकडे बघत होते. मी दारातून हात वर केला आणि गळ्यावरून आडवा फिरवला. पुन्हा फिरवला. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही.